चौफेर पाहणारा माणूस

आमच्या शाळेत चपला वर्गाबाहेर काढायची पद्धत होती. फरशी मुलंच पुसायची, आणि काळ्या मातीचा चिखल एकदा आत आला की लवकर निघत नाही. पावसाळ्यात व्हरांडाभर चपलांचा पसारा पडलेला असायचा. शाळा सुटायला थोडा वेळ राहिला की इंग्रजीचे सर लाकडी फूटपट्टी घेऊन बाहेर यायचे, उकिडवे बसायचे आणि एकेक चप्पल, एकेक बूट उलटा करून त्यावर फूटपट्टीनं ठोकायचे. विंचू असेल, गोम असेल, ओल धरून काहीही बसलेलं असेल. त्यांना घाई नसायची. घंटा होऊन मुलं धावत आली की ते भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, "घाला. काही नाही."

मुलं त्यांना ठोके सर म्हणायची. आडनाव वेगळं होतं, पण ते इतकं मागं पडलं की नव्यानं बदलून आलेल्या मुख्याध्यापकांनी एका कार्यक्रमात माइकवरून जाहीर केलं, आता ठोके सर बोलतील. सर उठले, माइकपाशी गेले, वायर कुठे उघडी नाही ना ते वाकून पाहिलं आणि मग बोलायला लागले. नाव त्यांनी दुरुस्त केलं नाही.

गेल्या महिन्यात सर गेले. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जोडलेले हात आणि फुलं येत राहिली. त्यात एकानं लिहिलं, "आता वरच्या लोकाइच्या चपला ठोकत असतीन." मला हसू आलं, आणि मग मी मोबाइल उपडा ठेवला.

बाभुळगाव तालुक्यातल्या त्या शाळेत मी मराठी शिकवत असे, आणि बाभुळगावात सरांच्याच घरात वरच्या खोलीत तेव्हापासून भाड्यानं राहते. म्हणजे हा माणूस मी शाळेतही पाहिला आणि घरीही. दोन्हीकडे तो सारखाच होता. जिना चढताना कठड्याला हात लावून तो हलत नाही ना याची खात्री करायचे, आणि जिना त्यांचा स्वतःचा होता. एसटीत बसण्यापूर्वी गाडीला एक चक्कर मारून टायर पाहायचे. ड्रायव्हर ओरडायचा, "गुरुजी, गाडी इकत घ्याची आहे का?" हे शांतपणे म्हणायचे, "नाही बापा. पाहून राह्यलो."

"पाहतो" हा त्यांचा शब्द होता. चहा घेणार का, तर पाहतो. शिक्षकांच्या खोलीत सगळे त्यांची थट्टा करायचे. आमचे गणिताचे सर म्हणायचे, "यायले नाव इचारलं तरी पाहून सांगतो म्हणतीन." सर यावरही हसायचे. हसण्यापूर्वी एकदा इकडेतिकडे पाहायचे, आणखी कुणाला ते लागलं नाही ना म्हणून.

त्यांची बायको अगदी उलट. मी त्यांना वहिनी म्हणायचे. हसऱ्या, चपळ, तोंडानं फटकळ. त्यांच्या लग्नाची गोष्ट त्या येईल त्याला सांगायच्या. "सगळे लोक वाट पाहून राह्यले, बुद्धवंदना सुरू होणार, अन् नवरदेव कुठी? तं नवरदेव मांडवाचे बांबू हालवून पाहून राह्यला. एकएक बांबू. माह्या बापानं इचारलं, पाहुणे, काय झालं? तं म्हणते, वारा सुटला तं बायामाणसं खालीच बसेल आहे न." मग पदर तोंडाला लावून हसायच्या. सर खुर्चीत बसून म्हणायचे, "एक बांबू ढिला होता." दर वेळी वहिनी म्हणायच्या, "होता न. म्हणून तं केलं तुमच्याशी."

त्यांच्या नववीच्या वर्गाची आणि माझ्या वर्गाची भिंत एकच होती, आणि भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती. त्यामुळे त्यांचा तो शब्द मी दरवर्षी ऐकला. सर्कमस्पेक्ट. पाठ्यपुस्तकात तो नव्हता, परीक्षेलाही येत नसे. सावधपणाचे बाकीचे शब्द शिकवून झाले की ते हा शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे. मग खडूचं टोक त्यावर ठेवून सांगायचे, मूळ लॅटिन आहे, आजूबाजूला पाहणं असा त्याचा अर्थ. चौफेर पाहणारा.

"सर, मंग भित्रा अन् हा एकच झाला न?" कुणीतरी विचारायचंच.

"नाही. रोडाच्या काठाले माणूस उभा आहे, ट्रक येऊन राह्यला. भित्रा माणूस फक्त ट्रकाकडं पाहते अन् स्वतःच्या पायाकडं पाहते. दुसरं त्याले काही दिसत नाही. हा माणूस ट्रक पाहते, अन् बाजूले म्हातारी उभी आहे का, लेकरू आहे का, मागून बैलबंडी येऊन राह्यली का, हे बी पाहते. दोघंही थांबतातच. लांबून पाह्यलं तं दोघं सारखेच दिसतात."

"मंग ओळखाचं कसं?"

"जवळ जा लागते."

एकदा एका धीट मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही कोणते?" वर्ग फिस्सकन हसला. सर थांबले. पलीकडे मीही खडू धरून थांबले.

"हा शब्द आपण आपल्याले लावाचा नसते," ते म्हणाले. "मी लई नम्र आहे असं कोणी म्हणते का? तसंच हे. दुसऱ्यानं लावला तं चालते."

निबंधात कुणी 'आय अ‍ॅम सर्कमस्पेक्ट' लिहिलं तर ते व्याकरण बरोबर असूनही त्याखाली हिरवी रेघ ओढायचे. हिरवी, कारण चूक नव्हती. नुसतं शोभत नव्हतं.

कितीतरी वर्षं त्या चपलांमधून काही निघालं नाही. एकदा बेडूक निघाला आणि पोट्ट्यांनी आठवडाभर डराव डराव केलं. मग एका श्रावणात माझा तास रिकामा होता, मी व्हरांड्याच्या टोकाशी वह्या तपासत बसले होते. सरांनी एक निळी चप्पल उचलली, ठोकली आणि हात तसाच राहिला. फरशीवर तांबडा विंचू पडला होता. त्यांनी तो फूटपट्टीनं कागदावर घेतला, कुंपणापर्यंत गेले, पलीकडच्या कपाशीच्या पऱ्हाटीत टाकला, परत आले आणि पुढची चप्पल उचलली. घंटा झाली. "घाला. काही नाही."

मी नंतर म्हटलं, "सर, दाखवायचा होता ना मुलांना. इतकी वर्षं हसतात तुम्हाला."

"दाखवला असता तं पोरं उद्यापासून चपलीले भ्याली असती, मॅडम," ते म्हणाले. "अन् जिच्या चपलीत निघाला, तिले तं रात्री झोप नसती. हसतात तं हसू द्या न."

पुढे जे घडलं ते समजून घ्यायला मला ही निळी चप्पल फार उपयोगी पडली.

त्यांची मुलगी सुजाता बारावीला होती त्या वर्षी दिवाळीनंतर वहिनींच्या छातीत गाठ सापडली. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, ऑपरेशन करा, थांबू नका. घरी आल्यावर सर सुजाताला म्हणाले, "काही नाही. साधी गाठ आहे. आणखी एका डॉक्टरले दाखवून घेऊ." मग ते वहिनींना नागपूरला घेऊन गेले. नंतर वर्ध्याला. परत नागपूरला, दुसरीकडे. दर वेळी येऊन तेच वाक्य, आणखी एकाला दाखवू. नातेवाईक चिडले. वहिनींचा भाऊ कळंबहून येऊन अंगणात उभा राहून म्हणाला, "भाऊजी, हे का एसटीचं टायर आहे, किती पाहता?" सर खाली पाहत उभे राहिले.

मलाही राग आला होता. एका दुपारी वहिनी ओट्यावर सुपात तुरी घेऊन पाखडत बसल्या होत्या. मी म्हटलं, मी बोलू का सरांशी? त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्याइले काही बोलू नका मॅडम. ते कधीचे तयार आहेत. मीच नाही म्हणून राह्यली."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले.

"पोरीची बारावी आहे. आता मी दवाखान्यात पडली, तं पोरगी पुस्तक घेऊन माह्या उशाशी बसन. तिचं वर्ष गेलं तं गेलं. माह्यं असंच गेलतं, माय बिमार पडली तवा. मंग कोण पाठवते बाप्पा परत शाळेत? मार्चपर्यंत मले काही होत नाही."

"आणि सर? लोक त्यांना काय काय बोलतात."

"त्याइचं नाव तं आधीच झालं आहे," वहिनी म्हणाल्या, आणि हसल्यासुद्धा. "मीच म्हटलं, तुम्ही म्हणत जा आणखी एकाले दाखवू म्हणून. कोणाले नवल वाटत नाही. पोरीले शंका येत नाही."

त्या गावोगावच्या डॉक्टरांकडे सर वेगळ्याच कारणानं जात होते. ऑपरेशन टळावं म्हणून नाही. वहिनींना पटवून देईल असा एक डॉक्टर त्यांना हवा होता. प्रत्येकानं समजावलं, एक-दोघे रागावलेही. वहिनी मान डोलवायच्या आणि बसस्टँडवर आल्या की म्हणायच्या, मार्चनंतर. मी नंतर एकदा सरांना विचारलं, तुम्ही सरळ सुजातालाच का सांगत नाही? ती आईला तयार करेल. ते म्हणाले, "तिच्या मायनं मले शपथ घातली. अन् शपथेचं सोडा. शरीर तिचं आहे, मॅडम. आजवर तिनं स्वतःसाठी काही ठरवलं नाही. पहिल्यांदा ठरवलं, तं हे."

सुजाताचा शेवटचा पेपर झाला आणि त्याच आठवड्यात वहिनींचं ऑपरेशन झालं. पण दुखणं तोपर्यंत पुढे सरकलं होतं. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

घरात माणसं भरली होती त्या दिवशी सुजाता वडिलांसमोर उभी राहिली. रडत नव्हती. ती म्हणाली, "आणखी एकाला दाखवू. आणखी एकाला दाखवू. पाहतच बसले तुम्ही." मग ती आत गेली. सरांनी मान हलवली, हो अशी.

ती नागपूरला नर्सिंगला गेली, पुढे अमरावतीच्या एका दवाखान्यात लागली, तिथंच लग्न केलं. घरी यायची ती पाहुण्यासारखी. सर फोन करायचे तेव्हा ती हो, नाही, बरं एवढंच बोलायची. एकदा आली असताना माझ्या खोलीत बसली होती. म्हणाली, "आमच्या वॉर्डात असे नवरे येतात मावशी. आणखी एकाला दाखवतो म्हणणारे. मला ते लांबूनच ओळखू येतात." लांबून दोघं सारखेच दिसतात, हे तिच्याच वडिलांचं वाक्य माझ्या जिभेवर येऊन थांबलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना म्हटलं, आता तरी सांगा तिला. ते झाडांना पाणी घालत होते. मला अजून आठवतं, पाइपातून मुंग्या आल्या का ते पाहण्यासाठी त्यांनी आधी थोडं पाणी बाजूला सोडलं होतं.

"काय सांगू? तुह्या परीक्षेपायी तुही माय थांबली, हे सांगू?" ते म्हणाले. "मॅडम, पोरगी आता माह्यावरचा राग धरून उभी आहे. तो काढून घेतला, तं कशाले धरून उभी राहीन? स्वतःलेच धरीन."

"आणि तुम्ही?"

"मले काय झालं? मी आधीचाच भित्रा मास्तर."

पाणी घालून झाल्यावर त्यांनी नळ बंद केला, परत एकदा पिळून पाहिला. मग म्हणाले, "मी असेपर्यंत नका सांगू. नंतर कधी पोरगी आपल्या पायावर घट्ट उभी दिसली, तं पाहा तुम्ही. पण चौफेर पाहा."

त्यानंतरही ते चपला ठोकत राहिले, निवृत्त होईपर्यंत. फक्त वर्गातला तो शब्द बदलला. म्हणजे फळ्यावर लिहायचे, लॅटिन सांगायचे, रस्त्यावरचा माणूस सांगायचे, आणि शेवटी पूर्वी नसलेलं एक वाक्य जोडायचे. भिंतीच्या वरून ते स्पष्ट ऐकू यायचं. "या शब्दात पाहणं आहे. वाचवणं नाही. ते वेगळं असते." मुलं लिहून घ्यायची. परीक्षेला येणार नाही हे माहीत असूनही.

मी त्यांना निर्दोष ठरवायला बसलेली नाही. ते अडून बसले असते, ओरडले असते, शपथ मोडली असती, तर कदाचित वहिनी आज त्या ओट्यावर असत्या. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चौफेर पाहणाऱ्याला सगळ्यांच्या बाजू दिसतात, आणि मग त्याचा हात मध्येच कुठेतरी थांबतो. त्यांच्या स्वभावातला हा भाग मला कधी सोडवता आला नाही.

शेवटी ते थोडेच दिवस आजारी होते. सुजाता रजा टाकून आली. औषधं, सलाइन, पाठ पुसणं, सगळं तिनं केलं, एखाद्या परक्या पेशंटचं करावं तसं नीट. सर तिच्याकडे पाहायचे. एकदा तिनं इंजेक्शन भरताना त्यावरची तारीख वाचली, परत वाचली, उजेडाकडे धरून बाटली पाहिली. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. त्यांच्या तोंडावर हसू होतं असं मला वाटलं, पण मी खात्रीनं सांगणार नाही.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी सुजाता वर माझ्या खोलीत आली. तिचा मुलगा खाली झोपला होता. तिचा नवरा अंगणात मंडपवाल्याशी बोलत होता.

"मावशी, उद्या मला बोलायला लावतील. मी काय बोलू? माझे वडील भित्रे होते, असं बोलू का? दुसरं मला त्यांच्याबद्दल काही माहीतच नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. ती जेवली होती. नवरा चांगला माणूस आहे, हाकेच्या अंतरावर होता. वॉर्डाची इन्चार्ज झाली होती ती, रोज दुसऱ्यांची मरणं पाहत होती. तिचे पाय जमिनीवर घट्ट होते. तरी मी आधी उठले. तिला पाणी दिलं. दार लोटून घेतलं. मग तुरीच्या सुपापासून सुरुवात केली.

सांगून झाल्यावर तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला आणि खिडकीबाहेर पाहिलं. खाली कुणीतरी बांबू रोवत होतं, त्याचा आवाज येत होता.

"शेवटचा पेपर जीवशास्त्राचा होता," ती म्हणाली. "आईनं मला दही दिलं होतं हातावर. अर्धं फरशीवरच सांडलं. मी म्हटलं, माझ्याहून जास्त तूच घाबरली."

मी तिच्या जवळ सरकले.

"थांबायला नको होतं पण, मावशी. नको होतं ना?"

"नको होतं," मी म्हटलं. तिला खोटं सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

"मग कुणावर रागवू मी आता?"

सरांनी आपल्या परीनं इतकी वर्षं याचंच उत्तर दिलं होतं. ती रडली तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. खालून नवऱ्यानं हाक मारली, "चहा आणू का वर?" ती डोळे पुसून म्हणाली, "आणा. तिघांचा आणा. इथंच बसा तुम्ही पण." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही हे लिहा कधीतरी. मला लिहिता यायचं नाही. पण सावकाश लिहा."

दुसऱ्या दिवशी वंदना झाली. जुने विद्यार्थी आले होते, आता पोटं सुटलेले, केस पिकायला लागलेले. सुजाता बोलायला उठली नाही. मला माइक दिला. मला फार बोलता येत नाही. मी एवढंच म्हटलं, की सर एक शब्द शिकवायचे आणि तो स्वतःला लावायचा नाही असं सांगायचे, दुसऱ्यानं लावला तर चालतो म्हणायचे; तर आज मी तो त्यांना लावते. तो शब्द मी उच्चारला. मागच्या रांगेतून कुणीतरी त्याचा अर्थ हळूच मराठीत म्हटला, आणि मग पुष्कळ जणांनी.

जेवणं होता होता पावसाची एक सर येऊन गेली. माणसं निघायला लागली. मी पाहुण्यांना पोचवायला दारात आले, तर ओट्याखाली चपलांच्या पसाऱ्यापाशी सुजाता उकिडवी बसली होती. फूटपट्टी नव्हती. ती हातानंच एकेक चप्पल उलटी करून पायरीच्या कडेवर ठोकत होती. सुती पांढरी साडी चिखलाला लागत होती. ग्रुपवर वरच्या लोकांच्या चपलांचं वाक्य लिहिणारा विद्यार्थी दारात माझ्या शेजारी उभा होता. तो पुढे होऊन म्हणाला, "ताई, राहू द्या न." तिनं मान वर केली नाही. तो तसाच थांबला, आणि त्याच्या मागे सगळेच थांबले.

माझ्या चपला तिनं ओळखल्या. ठोकल्या, आत पाहिलं, माझ्या पायांसमोर सरळ लावून ठेवल्या.

"घाला मावशी," ती म्हणाली. "काही नाही."